पेटीतून कुशीत

आजारी तान्ह्या बाळाबद्दल आपल्याकडे अजूनही असंच सांगतात, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ कावीळ असो, जंतुसंसर्ग असो, की दिवस भरण्याआधीच झालेला जन्म असो. आजाराचं नाव नंतर येतं, काच आधी येते. काचेच्या आत बाळ आणि परिचारिका, बाहेर जिन्यात बसलेला बाप, आणि भलत्याच वॉर्डात, कधी तर दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात, ओली बाळंतीण. गेल्या चाळीसेक वर्षांत नवजात बाळांच्या उपचारांनी मोठी मजल मारली. मागे वळून त्या वाटचालीकडे पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्रांनी आणि औषधांनी बाळं वाचवली, पण वाचलेलं बाळ सावरलं ते बहुतेक वेळा कुणीतरी आईला आत घेतल्यावर.

सुरुवात मुंबईत सायनला करावी लागेल. लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस काम करत होत्या. आसपास धारावीसारखी वस्ती, येणारी बाळं कमी वजनाची. आईचं दूध मिळालं नाही की बाळ बाटलीवर आणि डब्याच्या दुधावर जायचं, आणि त्यातूनच नवा संसर्ग ओढवायचा. १९८९ साली तिथे मातृदुग्ध पेढी सुरू झाली, आशियातली पहिली. ज्या मातांना दूध जास्त येतं त्यांचं दूध गोळा करायचं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, तपासायचं, गोठवून ठेवायचं आणि आजारी बाळाला द्यायचं. आज हे साधं वाटतं. पण बाळ अत्यवस्थ असताना धास्तावलेल्या बाईला दूध उतरायला वेळ लागतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या मधल्या चार-आठ दिवसांच्या आधाराची किंमत कळते. तेवढ्या अवधीत तिला धीर देऊन, दर दोन-तीन तासांनी दूध काढायला शिकवून, तिचं स्वतःचं दूध सुरू करता येतं. मग तेच दूध नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बाळाच्या पोटात जातं. बाळासाठी आपल्या हातून काहीतरी होतंय, ही जाणीव त्या आईला सावरणारी पहिली गोष्ट असते.

दुसरा धागा फार लांबून आला. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास डॉ. एडगार रे यांच्या रुग्णालयात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत होती आणि संसर्ग पसरत होता. त्यांनी बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर उभं बांधलं. हीच पुढे जगभर गेलेली कांगारू पद्धत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या दोनशेवर बाळांवर तिचा रीतसर अभ्यास झाला आणि २००८ साली प्रसिद्ध झाला. कांगारू पद्धतीतल्या बाळांचं वजन रोज सरासरी २४ ग्रॅमने वाढलं, नेहमीच्या पद्धतीतल्या बाळांचं साडेपंधरा ग्रॅमने. तरीही बरीच वर्षं नियम असा होता की बाळ स्थिरावलं की मगच आईकडे द्यायचं. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, अजून अस्थिर असतानाच, आईच्या छातीशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच लावावी लागली. बाळंतीण आणि आजारी बाळ यांना एकाच खोलीत ठेवायला वैद्यकशास्त्राला इतकी वर्षं लागावीत, याचं मला वाईट वाटतं.

गडचिरोलीत तर काचच नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९०च्या दशकाच्या मध्यावर ३९ गावांत काम आरंभलं, तेव्हा तिथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. ‘दवाखान्यात न्या’ म्हटलं तरी आईबाप निघत नसत. रस्ता नाही, हातात पैसा नाही, आणि ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही हा दंडक. मग उपचारच झोपडीत नेले गेले. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका आरोग्यदूत म्हणून तयार झाल्या. वजन करायचं, ताप आणि श्वास मोजायचा, गुदमरलेल्या बाळाला मास्कमधून श्वास द्यायचा, गार पडणाऱ्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायचं, आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी ६२चा आकडा २५च्या आसपास आला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना त्याची दखल घ्यावी लागली.

त्या आकड्याइतकाच मला एक तपशील मोलाचा वाटतो. आरोग्यदूत इंजेक्शन देऊन निघून जात नव्हती. ती महिनाभर पुन्हा पुन्हा येत होती, आई आणि सासू दोघींना जवळ बसवून दाखवत होती, की बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार लागलं, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, रडणं क्षीण झालं, तर थांबायचं नाही. आजारातून उठलेल्या बाळाच्या घरात सर्वांत मोठी भीती असते ती पुन्हा आजारी पडण्याची, आणि ही भीती माहितीने बरीच आटोक्यात येते. २०११पासून हेच काम देशभर आशाताईंकडे आलं. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या जातात.

महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२०मध्ये हजारी ११वर आला. वाचणाऱ्या बाळांची संख्या वाढली, तसा पुढचा प्रश्न मोठा झाला. वाचलेलं बाळ कसं वाढतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर चिकाटीने शोधलं. १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोंखालच्या बाळांचा त्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती, पण पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा कमी. वाचनात, गणितात आणि डोळा-हात यांच्या मेळात अडचणी आढळल्या. घरी जाताना ठणठणीत दिसणाऱ्या बाळाचीही तपासणी सुरू ठेवायची ती यासाठी. दोन किलोंखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच, नेत्रतज्ज्ञाने पाहायला हवेत. या तपासणीला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. ऐकू येण्याची तपासणीही तितकीच गरजेची. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ शेजारच्या बाळापेक्षा उशिरा मान धरतं, म्हणून त्याचं वय जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं. एवढं एक वाक्य वेळेवर सांगितलं तरी घरातली कितीतरी घालमेल कमी होते.

आईबापांच्या सावरण्याचा इतिहास मात्र फारसा कुणी लिहिलेला नाही. पाचवीला सटवाई येऊन जाते, बाराव्या दिवसाचं बारसं टळतं, डिंकाचे लाडू वळायला घरात कुणी नसतं. शेक-शेगडी बाजूला राहते आणि टाके ओले असलेली बाई दवाखान्याच्या बाकावर बसून राहते. त्यात ‘दिवसांत नीट राहिली नाही’ असं नातलगांपैकी कुणीतरी बोलतंच. घरी आल्यावर ती रात्र रात्र जागून बाळाच्या नाकाशी बोट धरते, कारण दवाखान्यात श्वास मोजणारं यंत्र होतं आणि इथे फक्त ती आहे. बाप पैशांची जुळवाजुळव आणि कामावरचे खाडे यांत इतका बुडालेला असतो की त्याची धास्ती कुणी विचारत नाही. महिनोन्महिने झोप उडणं, रडू आवरत नाही असं होणं, बाळाजवळ जायलाच भीती वाटणं, हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळाच्या तपासणीला आलेल्या आईला ‘तू झोपतेस का?’ हे विचारायला दोन मिनिटं पुरतात.

घरच्यांनी करायचं ते मोठं नाही. पाहुण्यांना थोपवावं, हात धुतल्याशिवाय बाळाला कुणाला देऊ नये, काजळ आणि नाकात तेल टाळावं, मालिशवाल्या बाईला डॉक्टरांनी होकार दिल्यावरच बोलवावं, आणि बाळ एखाद्या जाणत्याकडे देऊन आईला सलग चार तास झोपू द्यावं.

दवाखान्यांनी करायचं तेही आता धूसर राहिलेलं नाही. दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयाने आईबापांना नवजात कक्षात घेऊन, हात धुण्यापासून कांगारूपर्यंत सगळं शिकवून, त्यांना उपचारात सामील करून दाखवलं. त्याच धर्तीवर केंद्र सरकारने २०१७मध्ये कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. बापही त्यात आहे. आई आजारी असली तर बाळ बापाच्या छातीवर ठेवतात आणि तिथेही ते तितकंच ऊबदार राहतं. जिथे कक्षाचं दार अजून भेटीच्या वेळेपुरतंच उघडतं, तिथल्या प्रमुखांनी त्या सूचना काढून वाचाव्यात. त्या अमलात आणायला नवं यंत्र लागत नाही. आईसाठी कक्षालगत एक खाट, बापासाठी स्वच्छ गाऊन आणि दोघांना शिकवायला वेळ असलेली एक परिचारिका, एवढं लागतं.