बांध, कुऱ्हाड आणि तिसरा माणूस

लग्नाच्या पंगतीत गुन्ह्यांचा विषय निघाला की ‘काळ फार वाईट आलाय’ इथून सुरू होतो आणि ‘आमच्या वेळी रात्री दाराला कडीसुद्धा लावत नव्हतो’ इथे येऊन थांबतो. मी वाद घालणं सोडून दिलं आहे. दार उघडं असेलही. बहुतेकांच्या घरात न्यायला होतंच काय? पण खुनांचा हिशेब मांडला, तर तो या पंगतीशी जुळत नाही.

गैरसमज : पूर्वीचा काळ सुरक्षित होता.

इंग्लंडमध्ये हा हिशेब सातशे वर्षं मागे नेता येतो, आणि त्याचं श्रेय राजाच्या लोभाला आहे. तिथे ११९४ पासून कॉरोनर नावाचे अधिकारी नेमले जाऊ लागले. कुणी अचानक किंवा मारहाणीत मेला की पंच जमवायचे, चौकशी करायची आणि खुनी ठरलेल्याची चीजवस्तू किती तेही लिहून ठेवायचं, कारण ती खजिन्यात जमा व्हायची. (हेच पद आपल्या मुंबईत १९९९ पर्यंत टिकलं.) त्या जुन्या नोंदींवरून मॅन्युएल आयस्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी अंदाज बांधले. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दर वर्षी लाखामागे वीसच्या आसपास खून होत. १३४० च्या दशकातल्या ऑक्सफर्डमध्ये तर शंभरावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच देशात हा आकडा एकच्या खाली होता.

आपल्याकडे इतकं मागे जाता येत नाही. तरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशात लाखामागे साडेचारच्या आसपास खून नोंदले जात होते. २०२२ मध्ये २८,५२२ खून झाले, म्हणजे लाखामागे २.१. दर निम्म्याहून खाली आला आणि त्याच काळात घरोघरी चोवीस तास बातम्या सुरू झाल्या. पूर्वी शेजारच्या तालुक्यातला खून आठवड्याने कळायचा. आता कुठल्याही राज्यातला खून जेवणाच्या ताटासमोर येतो.

गैरसमज : खून हे चोर-दरोडेखोरांचं काम.

इथे जरा थांबायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ च्या खुनांची जी कारणं दिली आहेत, त्यांत सर्वांत वर आहेत भांडण-तंटे : ९,९६२. त्याखाली वैयक्तिक वैर, ३,७६१. पैशाच्या किंवा इतर लाभासाठी केलेले खून १,८८४. ऑक्सफर्डच्या नोंदींतही चित्र वेगळं नाही. मारणारे आणि मरणारे बरेचसे विद्यार्थीच. दारू, शब्दाला शब्द आणि हाताशी असलेली सुरी.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बांध कोरला, पाण्याची पाळी चुकवली, वाटणीच्या वेळी भावकीत कुणी वेडंवाकडं बोललं आणि कुऱ्हाड निघाली. अशा माणसाला आपण गुन्हा करतोय असं वाटतच नाही. आपण न्याय करतोय, असं वाटतं. म्हणून खून घटायचे तर तो न्याय त्याच्या हातून काढून घेणारा तिसरा माणूस लागतो. तो दोघांपेक्षा बलवान हवा आणि दोघांनाही मान्य हवा. समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास यांनी १९३९ च्या ग्रंथात हीच प्रक्रिया मांडली. राजांनी सरदारांची खासगी भांडणं मोडली, दरबारात तलवारीपेक्षा जीभ सांभाळणाऱ्याची किंमत वाढली आणि राग गिळणं नामर्दपणाचं न राहता खानदानीपणाचं झालं.

गैरसमज : चार जणांना भर चौकात फाशी द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील.

इंग्लंडने हे करून पाहिलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती आणि ती भर गर्दीत दिली जायची. १८६१ पर्यंत असे गुन्हे पाच-सहावर आले. देश बुडाला नाही. उलट पुढच्या दशकांत खुनांचा दर आणखी उतरला. मधल्या काळात, १८२९ मध्ये, लंडनला नियमित पोलीस दल मिळालं होतं. शिक्षा किती कडक यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री महत्त्वाची, असं इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. चौकात फाशी मागणाऱ्यांनी ते वाचलेलं नसतं.

गरिबी आणि दवाखाने, थोडक्यात.

गरिबी वाढली की गुन्हे वाढतातच, असं नाही. अमेरिकेत साठच्या दशकातल्या भरभराटीत ते वाढले आणि २००८ च्या मंदीत घटले. ‘पूर्वीचे जखमी मरायचे, आता वाचतात, म्हणून खून कमी दिसतात’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण युरोपातली मोठी घसरण जंतुनाशक शस्त्रक्रिया येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

गैरसमज : काळ पुढे सरकला की हिंसा आपोआप ओसरते.

अमेरिकेत १९६० ते १९८० या वीस वर्षांत खुनांचा दर दुप्पट झाला. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२०० हून अधिक खून झाले, २०१७ मध्ये तीनशेच्या आत. पुढे २०२० या एकाच वर्षात देशभरातले खून तीस टक्क्यांच्या आसपास वाढले. इतिहासकार रँडॉल्फ रॉथ यांच्या मते सरकार आणि कायदा आपला आहे हा विश्वास उडाला की खून वाढतात. मला हे पटतं, कारण तिसरा माणूस आपला वाटेनासा झाला की कुऱ्हाड पुन्हा हाताशी येते.

देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले पडून आहेत. बांधाचा दावा आजोबाने लावावा आणि निकाल नातवाने ऐकावा, ही नुसती गैरसोय नाही. २००७ मध्ये महाराष्ट्राने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, ती नेमकी याच दुखण्यावर होती. बक्षिसांच्या मागे लागून तिचा बराच जोर ओसरला, पण कल्पना खरी होती. तुमच्या गावात तंटामुक्त समिती अजून बसते का, बसली तर बांधाचं भांडण ऐकते का, एवढं येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा.