सातपुडा-तापीच्या पट्ट्यातील पाण्याच्या गोष्टी

हवामानबदलाची माहिती आकड्यांत तयार होते, पण गावात ती फिरते गोष्टीच्या रूपाने. पाऊस किती मिलिमीटर झाला हे पर्जन्यमापक सांगतो. पुराचे पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागले होते, हे मात्र म्हाताऱ्या माणसांकडून कळते, आणि घर कुठे बांधू नये हे त्या पायरीवरून ठरते. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा, तेथील जसोंडीसारखी गावे आणि सीमेपलीकडचे रावेर, यावल, जळगाव जामोद हे तालुके मिळून सातपुडा आणि तापी-पूर्णा यांच्या आधाराने जगणारा एक सलग प्रदेश होतो. मराठी, हिंदी, निमाडी, कोरकू या भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. पाऊस, दुष्काळ आणि जमिनीतले पाणी यांविषयीच्या गोष्टींचा साठाही येथे मोठा आहे. त्या तपासल्या की एक गोष्ट दिसते : कथा लक्षात राहते ती तिच्यातील चमत्कारामुळे, उपयोगी पडते ती तिच्यातील मापामुळे आणि कामामुळे.

कहाणी : उरलेले आणि उपसलेले

श्रावणात मराठी घरांत वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांमध्ये सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा राजाचा हुकूम होतो. धाकापोटी लोक घरचे सगळे दूध देवळात नेऊन ओततात. वासरे आणि मुले उपाशी राहतात, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र मुलाबाळांना आणि वासरांना पोटभर देऊन उरलेले खुलभर दूध आणते आणि त्यानेच गाभारा भरतो. संसाधनाच्या वापराचा पूर्ण नियम या छोट्या प्रसंगात आला आहे. पुढच्या पिढीचा वाटा आधी काढायचा, मग उरेल ते घ्यायचे. वासरू उपाशी राहिले तर पुढे गाय नाही आणि दूधही नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शीतला सप्तमीची कहाणी दुसऱ्या टोकाला आहे. राजाने तळे खोदले, पाणी लागले नाही. जलदेवतांनी सुनेच्या मुलाचा बळी मागितला. या कथेत तळ्याची जागा, खडक, पाणलोट यांना स्थान नाही. पाणी येणे-न येणे सर्वस्वी देवतांच्या हाती आहे. पाण्याची किंमत माणसाच्या जिवाइतकी असते ही जाणीव ती देते; तळे कोरडे का राहिले, याचे कारण देत नाही. एकाच परंपरेत दोन्ही प्रकार आढळतात, त्यामुळे जुनी कथा म्हणजे पर्यावरणाचे शहाणपणच, असे सरसकट म्हणता येत नाही.

कीर्तन : निर्णयाची गोष्ट

दुष्काळाच्या स्मृती जपण्याचे काम कीर्तनाने केले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी खुले केले, ही कथा महिपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजया’त घेतली आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली. विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने धान्याची रक्कम भरली हा कथेचा उत्तरार्ध. पूर्वार्धात मात्र एका कारभाऱ्याने आपल्या जबाबदारीवर घेतलेला प्रशासकीय निर्णय आहे. दुष्काळात साठ्याचे दार केव्हा आणि कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न या कथेने शतकानुशतके जिवंत ठेवला.

विदर्भातील गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनाला कृतीची जोड दिली. दिवसा हातात खराटा, रात्री त्याच गावात कीर्तन. ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. सकाळी झाडलेला रस्ता समोरच असल्यामुळे उपदेशाला पुरावा शोधावा लागत नसे. लोकशिक्षणाच्या दृष्टीने या पद्धतीचे तीन घटक महत्त्वाचे ठरतात : स्थानिक बोली, श्रोत्याचा सहभाग आणि सांगण्याआधी केलेले काम.

भेंडवळ : भाकिताचे नाट्य

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी हवामानाच्या कथनाचा वेगळाच नमुना आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखतात. भोवती अठरा धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पापड, करंजी, वडी असे पदार्थ ठेवतात. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, हे पाहून पाऊस आणि पिकांचे भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून ही प्रथा चालत आल्याचे मानतात.

ढेकूळ भिजण्याचा मोसमी पावसाशी कार्यकारणसंबंध नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या भाकितावर आक्षेप घेतले आहेत. तरीही शेतकरी पहाटे तेथे गर्दी करतात, यात संवादशास्त्राचा धडा आहे. येथे हंगामाचा अंदाज पेरणीच्या तोंडावर, पिकांच्या नावानिशी आणि सर्वांसमक्ष सांगितला जातो. हवामान खात्याचा कृषिसल्ला शास्त्रीय असतो, पण शेतकऱ्याच्या हाती तो बहुधा एकेकट्याने वाचण्याचा संदेश म्हणून येतो. त्याच सल्ल्याचे चावडीवर जाहीर वाचन झाले, मागच्या अंदाजाचा पडताळा तेथेच मांडला गेला, तर शास्त्रालाही तशी बैठक मिळू शकते.

ताळेबंद आणि स्पर्धा

पाणी राखणाऱ्या गावांच्या कथांत अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची कथा आज खूप सांगितली जाते. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर बंदी घातली. गावात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पीक त्यावरून ठरते. ही कथा दर वर्षी नव्या आकड्यांनिशी सांगावी लागते. म्हणूनच ती दंतकथा झालेली नाही.

पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू केली. प्रशिक्षणात चित्रफिती, खेळ आणि इतर गावांच्या गोष्टी वापरल्या, आणि श्रमदानाला गुण लावले. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि दुसऱ्या वर्षी आर्वी तालुक्यातील काकडदरा ही गावे विजेती ठरली. स्पर्धेमुळे गोष्टीला मुदत मिळाली. स्पर्धेची मर्यादाही त्यातच आहे. विजेत्या गावाची कथा सर्वदूर जाते. चर खोदूनही पाणी न थांबलेल्या गावाची जात नाही. भूस्तर कसा होता, अडवलेले पाणी पुढे कोणी उपसले, हे अपयशाच्या कथेतूनच कळते.

बऱ्हाणपूर : जमिनीखालची गोष्ट

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हे या प्रदेशाचे सर्वांत मोठे जलकथानक. अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भज्ञाने तो आखला असे सांगितले जाते. सातपुड्यावर पडलेले पाणी पायथ्याच्या गोटे-वाळूच्या थरांत मुरते आणि जमिनीखालून तापीकडे सरकते. ते वाटेत अडवून, विहिरीसारख्या कुंड्यांना जोडणाऱ्या भुयारातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले.

पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथेत खानखाना, इराणी तज्ज्ञ आणि भुयार येते. डोंगर क्वचितच येतो. वास्तविक पाणी डोंगरावरूनच येते. तेथील झाडोरा गेला किंवा पायथ्याशी बोअरची संख्या वाढली, तर भुयार शाबूत राहूनही कोरडे पडेल. पायथ्याच्या गोटे-वाळूचा हाच थर, म्हणजे बझाडा पट्टा, रावेर-यावलच्या केळीबागांनाही पाणी पुरवतो, आणि त्याच्या पुनर्भरणासाठी १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला. २०२२ मध्ये बऱ्हाणपूर देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. नळाची कथा अशी पूर्ण झाली. नळाला पाणी पुरवणाऱ्या थराची कथा मात्र अजून घरोघर पोहोचायची आहे.

जसोंडीच्या परिसरात अशी कथा रचायची तर सामग्री हाताशी आहे. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या लागवडीच्या वेळा कशा सरकल्या, वादळात कोणाची केळी आडवी झाली आणि बांधावर शेवरी लावलेल्या कोणाची उभी राहिली, मे महिन्यात विहिरीला किती परस (पुरुषभर उंचीचे माप) पाणी होते, ठिबक आल्यावर उपसा घटला की क्षेत्र वाढले, हे सांगणारी माणसे गावातच असतात. अशा नोंदींना वर्ष, जागा आणि माप जोडून त्या शाळेत व ग्रामसभेत दर वर्षी वाचल्या, तर आठवणींचे रूपांतर पुराव्यात होते. कथेने मोजमापाची जागा घेऊ नये. तिचे काम मोजलेले लक्षात ठेवण्याचे आणि त्यावरून पुढच्या हंगामाचा निर्णय घेणे सोपे करण्याचे आहे.