मक्यामागून आलेली अळी

चांदवडच्या खरिपात मका इतका रुळला आहे, की तो परदेशी वाटत नाही. मूळचा तो अमेरिकेतला. तो इकडे आला तेव्हा त्याची एक जुनी वैरीण तिकडेच राहिली होती. ही अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत दिसली. २०१८ मध्ये आधी कर्नाटकात, मग महाराष्ट्रात. हिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे तिला हद्दपार करणे आता शक्य नाही.

मादी शंभर-दोनशे अंडी एका पुंजक्यात घालते. अळी पोंग्यात शिरते आणि स्वतःच्या विष्ठेचे बूच वर ठेवते. तिचे निम्म्याहून अधिक खाणे शेवटच्या अवस्थेत होते. म्हणजे बांधावरून नुकसान दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मग केलेली फवारणी आत पोचत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे पैसे आणि जनावरांची वैरण दोन्ही जातात.

म्हणून खरा उपाय पहिल्या काही आठवड्यांतला: पोंग्यात डोकावणे, अंडीपुंज चिरडणे, कामगंध सापळे लावणे, पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे. अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा गांधीलमाशी आणि दमट हवेत अळीला ताठ करून मारणारी नोमुरिया बुरशी हे आपले मित्र. सरसकट जहाल विषाने मित्रकीटक आधी मरतात. नव्या शत्रूला आवर घालायला इथलेच जुने जीव लागतात.