कारखानदाराचे मन

यंत्र बिघडले म्हणजे आवाज करते. बेअरिंग झिजले की अनुभवी कारागिराला ते दहा पावलांवरून कळते. मनाचे तसे नाही. त्यातून ते मन कारखान्याच्या मालकाचे असेल, तर आतला आवाज बाहेर फुटू नये म्हणूनच त्याची सारी धडपड चालते. आजच्या विवेचनासाठी आम्ही हा विषय निवडला तो याच कारणाने.

मुळेच्या काठचे वाकड हे एके काळी शेतीचे गाव. म्हातोबाचे देऊळ आजही आहे. परंतु शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. एका बाजूस हिंजवडीच्या संगणक-कंपन्या, दुसऱ्या बाजूस चिंचवड-भोसरीचे कारखाने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढे मोठे मोटार-कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे या परिसरात विणले गेले. वाकडच्या या इमारतींत रात्री उशिरापर्यंत जे दिवे जळतात, त्यांतले काही अशा मालकांच्या घरचे असतात.

या मालकाचा महिना कसा जातो? सात तारखेला पगार, वीस तारखेला जीएसटी, मध्ये बँकेचा हप्ता. या तारखा हलत नाहीत. येणे मात्र गिऱ्हाइकाच्या मर्जीने येते. नोकराला मालकाकडे गाऱ्हाणे नेता येते. मालकाने कोणाकडे जावे? कामगारांसमोर बोलावे तर ते दुसरीकडे नोकरी शोधू लागतील, बँकेला कळले तर पत जाईल, आणि घरी सांगावे तर घरचे घाबरतील, असे त्याला वाटते.

आम्हीही यातून गेलो आहोत. एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमचे देणे आठ महिने थकविले. त्या काळात पहाटे तीनला जाग येई आणि तेच आकडे पुन्हा पुन्हा डोक्यात फिरत. आम्ही घरी काही बोललो नाही. शेवटी पत्नीनेच एके दिवशी विचारले, ‘तुम्ही आठवडाभर जेवणाची चव तरी घेतली आहे का?’ तेव्हा कळले की जे आम्ही लपवीत होतो, ते सर्वांना दिसत होते.

असे का होते, ते पाहू. संकट दिसताच शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडते. छाती धडधडते, स्नायू ताठतात. वाघ समोर आला तर ही व्यवस्था उत्तम. परंतु थकलेले बिल हा वाघ नव्हे. तो महिनोन्‌महिने दारात बसून राहतो. मग झोप उडते, चिडचीड वाढते आणि निर्णय चुकू लागतात. काहीजण झोपेसाठी मद्याचा आधार घेतात. त्याने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोप मोडते आणि दुसरा दिवस अधिकच जड जातो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. रंग नीट ओळखता येत नसल्याने त्यांना चित्रकलेचे शिक्षण सोडावे लागले. त्यांचे लोखंडी नांगर प्रथम शेतकरी घेईनात. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तरी १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण त्यांच्या जिद्दीचे गुण गातो ते योग्यच. परंतु बंधू रामूअण्णा पाठीशी होते आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा देऊ केली, हे विसरतो. तो भार एकट्याच्या खांद्यावर नव्हता.

मग करावे काय? पहिली गोष्ट, चिंता कागदावर उतरवावी. येणे किती, देणे किती, हातात किती दिवस आहेत, हे लिहिले की अमर्याद भासणारी भीती मोजता येते. दुसरी, कायद्याचा उपयोग करावा. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास व्याजही मागता येते. तिसरी, घरात एकाला आणि धंद्यातल्या एका समव्यवसायी मित्राला खरे आकडे सांगावेत.

एवढे करूनही दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न राहिले, कशातच रस वाटेना, तर डॉक्टरांकडे जावे. नैराश्य हा आजार आहे. तो नादारपणा नव्हे. त्यावरील औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नयेत. जगणे नको असे कोणी बोलून दाखविले, तर त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

आमचे थकलेले पैसे अखेर आले, सगळे नव्हे. कारखाना मात्र टिकला, कारण त्या रात्री आम्ही पत्नीसमोर वही उघडून बसलो. वाचकांपैकी ज्यांची वही अजून मिटलेली असेल, त्यांनी ती आज कोणासमोर तरी उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.