गावची चाकरी संपली, जमिनीचे काय?

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा असो की आंबेगाव तालुक्यातील एखादे गाव, देशावरच्या गावाची जुनी मांडणी साधारण सारखीच. मध्ये चावडी, पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे, पुढे बलुतेदारांची घरे आणि वेशीबाहेर महारवाडा. घरे वेशीबाहेर होती. परंतु तेथील माणसांवाचून गावाचा गाडा एक दिवसही चालत नव्हता.

शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष लागे. कोणता दगड कोणाच्या बांधाचा, हे त्यालाच ठाऊक. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, साऱ्यासाठी लोकांना चावडीवर बोलावणे, आलेल्या अंमलदाराच्या पुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे, ही सारी कामे त्याच्याकडे. हुकूम रात्री-अपरात्री येई. त्याचा मोबदला म्हणजे येसकरपाळीची शिळी भाकर, सुगीला खळ्यावरचे बलुते आणि थोडी इनाम जमीन. तिलाच लोक हाडकी-हाडवळा म्हणत. भाऊबंद वाढत गेले, जमीन मात्र तेवढीच राहिली. त्या तुकड्याच्या मोहाने माणूस गावच्या चाकरीला बांधला गेला.

हे वतन नसून गुलामगिरीची बेडी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे सरकारने वतनी जमिनीवर जुडी वाढवली, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तेथे सरकारला जाब विचारला. अखेर १९५८ चा कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून महारकी कायद्याने संपली. शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमीन पूर्वीच्या वतनदाराला परत मिळण्याची तरतूद झाली. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, अशी अटही घातली गेली.

वाचकहो, खरा प्रश्न येथून पुढे आहे. आपली कितीतरी कुटुंबे पोटासाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत लागले. मागे कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, जुन्नरच्या शिवारात बागायत वाढली आणि जमिनीला मोल आले. पण अनेक घरांच्या सात-बाऱ्यावर अजून आजोबा-पणजोबांचेच नाव आहे. वारस नोंद नाही, आणि बांध कोठे होता हे सांगणारी पिढी एकेक करून चालली आहे.

म्हणून पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे जाऊन सात-बारा आणि जुने फेरफार मागा. वारस नोंद करून घ्या आणि त्यात मुलींची नावे गाळू नका. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. कोऱ्या कागदावर अंगठा वा सही कोणालाही देऊ नका. घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांच्याबरोबर शेताच्या बांधावरून एकदा चालून या. साऱ्या गावाच्या शिवा ज्यांच्या साक्षीने ठरल्या, त्यांच्या नातवंडांना स्वतःचा बांध माहीत असला पाहिजे.