गच्चीवरची वीज, जिन्यातली बॅटरी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री पात्र सोडून बडोद्यात शिरली. धोक्याची पातळी २५ फुटांची, पाणी ३५ च्याही वर गेले. समा, अकोटा, फतेहगंज, सयाजीगंज, मांजलपूर अशा कितीतरी भागांत तळमजले बुडाले. सबस्टेशन आणि रोहित्रे पाण्यात, म्हणून वीज बंद ठेवावी लागली. काही वस्त्यांत ती परत यायला दोन-तीन दिवस लागले. मगरी रस्त्यावर आल्याची चित्रे देशभर पोहोचली. त्या गडबडीत एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. पाऊस ओसरून ऊन पडले, तरी ज्यांच्या गच्चीवर दोन-तीन किलोवॉटची सौर पॅनेल होती, त्यांच्याही घरात पंखा फिरला नाही.

यात बिघाड काहीच नव्हता. अनुदान घेऊन बसवलेली बहुतेक घरगुती यंत्रणा वीज कंपनीच्या तारेला जोडलेली असते. तिचा इन्व्हर्टर तारेतला दाब आणि वारंवारता सतत तपासतो. तारेत वीज नाही असे दिसले की दोन सेकंदांच्या आत तो स्वतःला बंद करून घेतो. कारण साधे आहे. बाहेर खांबावर वायरमन चढलेला असतो आणि लाईन मेली आहे असे समजून हात घालतो. अशा वेळी तुमच्या गच्चीवरून वीज उलटी तारेत गेली, तर कोपऱ्यावरचे रोहित्र तिचे २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट करून पुढे पाठवते. पूर ओसरताना शहरभर माणसे खांबांवर असतात, म्हणजे हा नियम सगळ्यात जास्त त्याच दिवसांत लागतो. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न हा, की लाईन मेलेली असतानाही घरापुरती वीज हवी असेल तर काय करायचे? उत्तर बॅटरी हेच आहे. मात्र ती किती मोठी घ्यायची, कुठे ठेवायची आणि तिच्याकडून कसली अपेक्षा धरायची, यात लोकांची बरीच फसगत होते.

बडोद्याला सौरऊर्जेचे वावडे कधीच नव्हते. अपारंपरिक ऊर्जेसाठी राज्याने १९७९ मध्ये काढलेली ‘गेडा’ ही संस्था आधी इथेच, सयाजीगंजात होती. गुजरात वीज मंडळ २००५ मध्ये मोडून त्याच्या कंपन्या झाल्या, त्यांतल्या मुख्य कंपनीची आणि मध्य गुजरात वीज कंपनीची, म्हणजे एमजीव्हीसीएलची, कचेरी रेसकोर्सवर आहे. (जुने बडोदेकर बिलाला अजून ‘जीईबीचं बिल’च म्हणतात.) नर्मदेच्या वडोदरा शाखा कालव्यावर १० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, त्याचे उद्घाटन ११ जानेवारी २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी केले. कालव्यावर पॅनेल टाकली की जमीन वाचते, पाण्याची वाफ कमी होते आणि खालच्या पाण्यामुळे पॅनेल थोडी थंड राहतात. अकोटा-दांडिया बाजार पुलावरही पॅनेलचे छप्पर आहे.

पण कालव्याला शेजारी नसतो. घराला असतो. रावपुरा, दांडिया बाजार, घडियाळी पोळ या जुन्या भागांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. शेजाऱ्याने जिन्यावर खोली चढवली, पाण्याची टाकी उंच केली, की दुपारी तीननंतर तुमच्या पॅनेलवर सावली. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावरची सावली अख्ख्या माळेला मागे खेचते. अशा ठिकाणी प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर लावता येतो, खर्च वाढतो. वाडा भाऊबंदांत वाटलेला असेल तर गच्ची कोणाची, हा प्रश्न सूर्याच्या आधी उगवतो. तेव्हा माप घ्यायला माणूस येण्यापूर्वी नात्यातली संमती कागदावर घ्यावी.

जागेचे गणित सोपे आहे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची. बडोदे २२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून पॅनेल दक्षिणेला तोंड करून वीस-बावीस अंशांनी कललेली असावीत. मग एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो. आता एक उलटी वाटणारी गोष्ट. मे महिन्यात ऊन कडक म्हणून वीज जास्त, असे सगळ्यांना वाटते, पण पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. पॅनेल २५ अंशांच्या वर जितके तापेल, तितके प्रत्येक अंशामागे त्याचे उत्पादन सुमारे तीन ते चार दशांश टक्क्यांनी घटते. बाहेर ४३ अंश असले की पॅनेलची पाठ ६५ च्या पुढे जाते आणि बारा-पंधरा टक्के वीज नुसती तापण्यात जाते. म्हणून पॅनेलखालून वारा खेळायला हवा. गच्चीला चिकटवून बसवू नयेत.

बडोद्यात पॅनेल उंच बसवायचे दुसरेही कारण आहे, ते म्हणजे उत्तरायण. चौदा आणि पंधरा जानेवारीला अख्खे शहर गच्चीवर असते. पंधरा तारखेला ‘वासी’ (शिळे) म्हणतात, पण उत्साह शिळा झालेला नसतो. आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर पॅनेल घेतली की खाली उंधियू आणि जिलेबी खायला सावली मिळते. मात्र कापलेला पतंग लुटायला कोणी पॅनेलवर चढला, की काच शाबूत दिसते आणि आतल्या पेशींना केसासारख्या भेगा जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पुढच्या वर्षीच्या युनिटांत दिसतात. पाहुण्यांना हे आधी सांगावे. सणानंतर चौकटीत आणि वायरींत अडकलेला मांजा काढावा. आणि उंच सांगाडा वाऱ्यात शिडासारखा ओढला जातो, म्हणून त्याच्या पायाचे बोल्ट किती खोल आहेत ते स्वतः पाहावे.

पैशांचे बोलायचे तर पॅनेलबाबत आता वाद उरलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात जमा होते. अट अशी, की पॅनेल आणि त्यातल्या पेशी भारतात बनलेल्या हव्यात. या योजनेत गुजरात सुरुवातीपासून आघाडीवर आहे. तीन किलोवॉटला दीड ते पावणेदोन लाख धरले, तर अनुदान वजा जाता खिशातून पाऊण ते एक लाख जातात. वर्षाला चार हजारांवर युनिट, इंधन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला सात रुपये, म्हणजे साधारण तीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल. पॅनेल पंचवीस वर्षे चालतात.

बॅटरीचे गणित असे बसत नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्तीची वीज तारेत जाते आणि रात्री तीच मोजून परत मिळते. म्हणजे वीज कंपनीच तुमची बॅटरी झाली, तीही फुकट. बिलाच्या मुदतीअखेर जे युनिट उरतात, त्यांनाच सव्वादोन रुपयांचा दर मिळतो. समजा नेट मीटरिंग नाही, दिवसा उरणारी वीज याच दराने विकावी लागते, आणि ती विकण्याऐवजी बॅटरीत भरून रात्री चार युनिट वापरले. भरताना-काढताना दहाएक टक्के घट धरली तर रोजचा फायदा अठरा रुपये, वर्षाचा साडेसहा हजार. बॅटरी आणि तिला लागणारा हायब्रिड (लाईन नसतानाही पॅनेलवरून चालणारा) इन्व्हर्टर यांचा वाढीव खर्च सव्वा लाख धरला, तरी पैसे सुटायला एकोणीस वर्षे. बॅटरीचे आयुष्य दहा-बारा. ज्यांना नेट मीटरिंग आहे, त्यांना तर तेवढाही फायदा नाही. ‘बॅटरीने बिल वाचेल’ असे कोणी सांगू लागले, की चहा पाजून निरोप द्यावा.

ऑस्ट्रेलियात चित्र वेगळे आहे. तिथे तारेत दिलेल्या विजेला किरकोळ दर आणि घेतलेली वीज महाग, शिवाय १ जुलै २०२५ पासून सरकार घरगुती बॅटरीच्या किमतीत सुमारे तीस टक्के सूट देते. सिडनीतल्या भाच्याने बॅटरी घेतली म्हणून आपणही घ्यावी, असे नाही. आपल्याकडे ‘सूर्यघर’चे अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर आहे, बॅटरीला त्यातून वेगळा रुपया नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी घटला तोही पॅनेलवर, बारावरून पाच टक्के. लिथियम बॅटरीवर अठरा टक्के आहेच.

हे चित्र पुढे बदलू शकते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी उन्हाच्या तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या मागणीच्या वेळी तितकीच महाग करण्याची वाट मोकळी केली आहे. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. स्मार्ट मीटरचे नाव काढले की बडोदेकरांना मे २०२४ आठवतो. प्रीपेड मीटर लागल्यावर बिल वाढल्याच्या तक्रारी घेऊन लोक कचेऱ्यांवर गेले आणि शेवटी तुलनेसाठी जुना मीटरही शेजारी लावायचे ठरले. दुपारच्या आणि रात्रीच्या दरांत खरेच मोठा फरक पडेल तेव्हा बॅटरीचा हिशोब पुन्हा मांडावा. आज तो बसत नाही.

मग बॅटरी घ्यायचीच कशाला? पुरासाठी. घरात ऑक्सिजनचे यंत्र लागणारे आजोबा असतील तर त्यांच्यासाठी, फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल तर त्यासाठी. विम्याचा हप्ता भरताना परतावा विचारत नाहीत, तसे हे आहे. आणि विमा गरजेपुरताच घ्यावा.

गरज मोजू. रात्रभर तीन पंखे, जुने ७५ वॉटचे असतील तर सव्वादोन युनिट खातात. तेच ३० वॉटचे नवे बीएलडीसी असतील तर एकाच्या आत. दिवे, वायफाय, मोबाइल मिळून अर्धा युनिट, फ्रिजला रात्रीपुरते पाऊण. म्हणजे पंखे बदलले तर सव्वादोनच्या आत, न बदलले तर साडेतीन. बाजारात ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सर्रास मिळते, ती सव्वापाच युनिटांच्या जरा आतली. तिच्यातले ऐंशी टक्के वापरायचे, इन्व्हर्टरची घट वजा करायची, हाती साडेतीन-पावणेचार उरतात. एका रात्रीला पुरेसे. दीड टनाचा एसी लावला तर हीच बॅटरी तीन तासांत बसते. पाण्याच्या पंपाचे वेगळेच दुखणे. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर हात वर करतो. टाकी आधीच भरून ठेवणे हा स्वस्त उपाय.

रसायन निवडताना लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हेच मागावे. लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा ते उष्णता जास्त सोसते आणि हजारो वेळा भरता-रिकामे करता येते. शिशाची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त, पण तिच्यातली निम्मीच वीज काढावी आणि पाणी घालायची आठवण ठेवावी. तरीही घरात साधा इन्व्हर्टर आणि धडधाकट ट्यूब्युलर बॅटरी असेल, तर ती लगेच मोडीत काढू नका. तास-दोन तास लाईट जाण्यापुरती ती पुरते. फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी. साधा इन्व्हर्टर लाईन आल्याशिवाय पुन्हा भरत नाही, हायब्रिड मात्र पॅनेलवरून भरतो. दाट ढगांत तीन किलोवॉटची पॅनेल दिवसाला दोन-तीन युनिटच देतात, पण पुरात तेवढ्यात दोन पंखे, दिवे आणि फोन निभतात.

जागेचा प्रश्न बडोद्यात फारच अवघड. तळमजला थंड, पण विश्वामित्रीच्या वाटेत. पार्किंगमध्ये भिंतीला लावलेली बॅटरी पुरात सगळ्यात आधी जाते, म्हणजे ज्या दिवसासाठी घेतली त्याच दिवशी. गच्चीवर पाणी येत नाही, पण पत्र्याखाली मे महिन्यात पन्नास अंश होतात आणि उष्णता बॅटरीचे आयुष्य खाते. म्हणून पहिल्या मजल्यावरची जिन्याची सावलीतली भिंत बरी, जाण्या-येण्याची वाट न अडवता. झोपायच्या खोलीत आणि देवघराच्या समईजवळ नको. इन्व्हर्टर आणि मुख्य स्विचही त्याच उंचीवर घ्यावेत, नाहीतर बॅटरी कोरडी आणि बोर्ड पाण्यात.

ज्यांची पॅनेल आधीच बसली आहेत, त्यांनी इन्व्हर्टर परस्पर बदलू नये. नेट मीटरच्या अर्जात त्याची नोंद असते, वीज कंपनीला कळवूनच बदल करावा. सोसायट्यांनी प्रत्येक घरात बॅटरी घेण्यापेक्षा लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी एकच मोठी यंत्रणा विचारात घ्यावी. सामाईक वापराच्या पॅनेलना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या मोढेऱ्यात हाच विचार गावाच्या पातळीवर झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तास सौरऊर्जेवरचे गाव म्हणून ते जाहीर झाले. तिथे हजारावर घरांवर पॅनेल आहेत, पण साठवण घरोघर नाही. १५ मेगावॉट-तासांची बॅटरी एका जागी, जाणकारांच्या देखरेखीखाली आहे.

एवढे करून बॅटरी बसवलीत, तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक काम करा. भर दुपारी, बसवणारा माणूस समोर असताना, घराचा मुख्य स्विच खाली पाडायला सांगा. पंखे, फ्रिज आणि ठरलेले दिवे चालू राहिले पाहिजेत आणि पॅनेलवरून बॅटरी भरत असल्याचे पडद्यावर दिसले पाहिजे. तासभर तसेच राहू द्या. चालले तर पैसे द्या, नाही चालले तर त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.