ब्लेड, मोजपट्टी आणि हिरवी लॅम्पशेड

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना 'डॉक्टर हू'ची सुरुवातीची धून वेगळी सांगायला नको. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती बीबीसीवर पहिल्यांदा ऐकू आली. रॉन ग्रेनर यांनी ती कागदावर लिहिली होती. तिला आवाज दिला डेलिया डर्बिशायरने. तयार धून ऐकून हे खरंच मी लिहिलं का, असं ग्रेनर यांनीच विचारलं म्हणतात.

डेलियाचा जन्म १९३७ सालचा, कॉव्हेंट्रीचा. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात ती गणित आणि संगीत शिकली. १९५९ साली डेका या रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली, तर स्टुडिओत बायकांना घेत नाही, असं उत्तर मिळालं. मग ती बीबीसीत शिकाऊ म्हणून लागली आणि १९६२ साली रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये आली.

तिथे सिंथेसायझर नव्हता. होते ते उपकरणांच्या चाचणीसाठीचे ऑसिलेटर, फिल्टर आणि टेपरेकॉर्डर. पण टेपवर वेळ इंचांत मोजता येतो! टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. तीच टेप दुप्पट वेगाने फिरवली की कंपनसंख्या दुप्पट होते आणि मध्य सप्तकातला सा थेट तार सप्तकात जातो. थोडक्यात, ताल मोजपट्टीने आणि सूर वेगाने. खालच्या पट्टीतल्या त्या धडधडत्या ओळीसाठी एकच तार छेडून रेकॉर्ड केली, वेग बदलून तिच्यातून हवे ते स्वर काढले आणि तुकडे ब्लेडने कापून एकापुढे एक चिकटवले. शेवटी तीन टेप एकाच वेळी सुरू करून आवाज एकत्र केले. एकदा कुठेतरी एक स्वर चुकत होता. तिचे सहकारी डिक मिल्स सांगत, की मग तिन्ही टेप लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी उलगडल्या आणि कुठला जोड रांगेत बसत नाही, ते चालत जाऊन शोधलं.

मला मात्र तिचा लॅम्पशेडचा प्रयोग जास्त आवडतो. देवळातली घंटा वाजते तेव्हा आधी टोल पडतो, मग नाद घुमत राहतो. स्टुडिओतली पत्र्याची एक हिरवी लॅम्पशेड तिने वाजवली, टोल वगळला आणि मागे उरलेला नाद तेवढा घेतला. त्या नादात मिसळलेल्या कंपनसंख्या वेगळ्या करून सर्वांत ठळक १२ निवडल्या आणि १२ ऑसिलेटरवर तो आवाज पुन्हा उभा केला. सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटात ऐकू येणारं तापलेलं वाळवंट ते हेच.

श्रेयाचं काय? बीबीसीच्या नियमानुसार वर्कशॉपच्या कर्मचाऱ्यांची नावं देत नसत. मानधनात तिला वाटा द्यायची ग्रेनर यांची तयारी होती, तीही नियमात बसली नाही. १९७३ साली तिने बीबीसी सोडली. पुढे गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे रेडिओ ऑपरेटरचं कामही केलं. 'डॉक्टर हू'च्या पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या भागात. तिला जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती.

तिच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत. त्यातल्या एका तुकड्यात कितीतरी नंतरच्या डान्स म्युझिकसारखा ठेका आहे. सुरुवातीला डेलियाचा आवाज येतो: हे सोडून द्या, नुसतं कुतूहल म्हणून आहे.